कारखाना हजार नगांवर का अडतो आणि ती अडचण कुठे सुटते

प्रश्न सांगलीच्या एका ताईंचा आहे. त्या घरी केशर-ज्येष्ठमधाची फेस क्रीम, केसांचं तेल आणि उटणं बनवतात आणि बचत गटांच्या प्रदर्शनांत, व्हॉट्सॅपवर विकतात. क्रीमच्या महिन्याला शंभर-सव्वाशे डब्या जातात, तेलाच्या चाळीसेक बाटल्या, उटणं फक्त दिवाळीत. आता ब्रँड रीतसर उभा करायचाय. हाताशी अडीच लाख आहेत. वसई आणि वापीकडच्या चार कारखान्यांना फोन केले. तिघांनी सांगितलं की प्रत्येक प्रॉडक्टचे किमान १००० नग घ्यावे लागतील. चौथा ५०० ला तयार झाला, पण रेट जवळजवळ दीडपट लावला. ताईंना हवेत ३००. कमीत कमी किती नग घ्यावे लागतील या आकड्याला धंद्यात एमओक्यू म्हणतात. त्या विचारतात, "एमओक्यू खाली आणायला घासाघीस कशी करू? चढ्या आवाजात बोलू की गोड बोलून बघू?"

ताई, दोन्हीचा उपयोग नाही. मी अकरा वर्षं एका थर्ड पार्टी कारखान्यात, म्हणजे दुसऱ्यांच्या ब्रँडचा माल बनवून देणाऱ्या कारखान्यात, प्रॉडक्शन प्लॅनिंग सांभाळलं. "मॅडम, हजाराच्या खाली परवडत नाही" हे वाक्य मी इतक्या जणींना ऐकवलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. गेली सात वर्षं ठाण्यातून माझा स्वतःचा छोटा ब्रँड चालवते, म्हणजे तेच वाक्य ऐकूनही झालंय. दोन्ही खुर्च्यांत बसल्यावर एक कळलं: तो आकडा शेठच्या स्वभावातून येत नाही, त्याच्या केटलमधून येतो. त्यामुळे स्वभावाशी भांडून तो हलत नाही.

केटल म्हणजे काय ते आधी डोळ्यांसमोर आणा. क्रीम बनवताना तेलाचा भाग आणि पाण्याचा भाग वेगवेगळे सत्तर-पंचाहत्तर अंशांपर्यंत तापवतात, मोठ्या भांड्यात एकत्र करतात आणि होमोजिनायझर, म्हणजे जोरात घुसळणारं यंत्र, फिरवून त्यांचं क्रीम करतात. मग हळूहळू थंड करायचं. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास उतरलं की सुगंध आणि नाजूक घटक घालायचे. हा होमोजिनायझर भांड्याच्या ठरावीक उंचीवर बसवलेला असतो. माल त्याच्या डोक्याच्या वर असेल तरच तो घुसळतो, नाहीतर हवा ओढतो. म्हणून १०० किलोच्या केटलमध्ये साधारण निम्मं, म्हणजे ५० किलो तरी असावं लागतं. आता तुमच्या ५० ग्रॅमच्या डबीने भागा. पन्नास किलोच्या डब्या किती? हजार. तुम्हाला तीन ठिकाणांहून तोच आकडा मिळाला, त्याचं एक मोठं कारण हे असणार. तिघांकडेही बहुधा सगळ्यांत छोटी केटल १०० ची आहे. चौथ्याकडे ५० ची असावी, म्हणून तो ५०० म्हणाला. आणि ज्याच्याकडे ३० किलोची केटल आहे तो १५ किलोला हात घालू शकतो. पंधरा किलोच्या डब्या होतात तीनशे.

म्हणजे तुम्हाला घासाघीस नको, दुसरा कारखाना हवा. फोनवर पहिला प्रश्न "एमओक्यू किती?" असा विचारूच नका. "तुमची सगळ्यांत छोटी केटल किती किलोची आणि तिच्यात कमीत कमी किती बल्क काढता?" असं विचारा. बल्क म्हणजे डबीत भरायच्या आधीचा सुटा माल. हा प्रश्न आला की समोरचा सरसावून बसतो, कारण असं विचारणारी पार्टी काम समजून आलेली असते. माझ्या टेबलावर असा फोन आला की मी तो "बघू नंतर"च्या वहीत न लिहिता कुठली बॅच कधी काढायची त्या बोर्डवर घेत असे.

केटलशिवाय त्या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते: बॅच लहान असो की मोठी, काही खर्च तेवढाच येतो. आधीच्या मालानंतर केटल, पाइप, फिलिंग मशिनचा हॉपर धुवायला अर्धा दिवस जातो. बॅचचे कागद, पीएच आणि व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) बघणं, जंतूंची तपासणी, पुढे तक्रार आली तर तपासायला कंट्रोल सॅम्पल बाजूला काढून ठेवणं हे सगळं १५ किलोलाही करावं लागतं आणि ५०० किलोलाही. शिवाय किलो-दीड किलो माल भिंतींना आणि पाइपांत चिकटून वाया जातो. शंभर किलोत तो दीड टक्का होतो, पंधरा किलोत दहा टक्के. कारखानदार रेट चढवतो तेव्हा तो नेहमीच लुबाडत असतो असं नाही.

आता दीडपट रेटचा तो चौथा कारखाना. हिशेबापुरते आकडे धरू, तुमचे वेगळे निघतील. हजार डब्या ५३ रुपयांनी, म्हणजे ५३,००० रुपये. पाचशे डब्या ७८ रुपयांनी, म्हणजे ३९,०००. सगळं खपलं तर हजारवाला स्वस्त, यात वाद नाही. पण समजा पहिल्या वर्षी चारशेच डब्या गेल्या. मग हजारवाल्यात विकलेल्या प्रत्येक डबीला ५३,००० भागिले ४००, म्हणजे १३२ रुपये ५० पैसे पडले. पाचशेवाल्यात ९७ रुपये ५० पैसे. दोन्ही बाजू कुठे समान होतात तेही काढून बघा: ५३,००० भागिले ७८, म्हणजे ६८० च्या आसपास. मुदतीच्या आत ६८० पेक्षा जास्त डब्या नक्की जातील अशी खात्री असेल तर हजार घ्या, नाहीतर दीडपट रेट मुकाट्याने द्या. नगाचा रेट बघून हुरळून जाणं ही नव्या ब्रँडची सगळ्यांत महागडी सवय आहे. माझीही होती. माझ्या माळ्यावर एका फूट क्रीमचे तीन खोके मुदत संपेपर्यंत पडून होते, आणि दर पावसाळ्यात सासूबाई "हे अजून इथेच का" म्हणून विचारायच्या.

खात्री किती धरायची? तुमच्या सव्वाशे डब्या ओळखीच्या लोकांत, घरच्या किमतीला जातात. कारखान्यातून माल आला, जीएसटी लागला, एमआरपी चढली की तोच खप राहील असं गृहीत धरू नका. मी पहिल्या वर्षासाठी निम्मा धरायला सांगते, म्हणजे महिन्याला साठ. हजार डब्यांना सोळा-सतरा महिने लागतील. क्रीमची मुदत बहुधा दोन वर्षांची छापली जाते, म्हणजे कागदावर जमतं. पण प्रदर्शनातली बाई डबी उलटी करून तारीख बघते आणि वर्षभर जुनी दिसली की खाली ठेवते. माझा नियम असा आहे की पहिली ऑर्डर सहा महिन्यांच्या खपापेक्षा मोठी नको. तुमच्या हिशेबाने ते होतात ३६०. म्हणजे तुमचे ३०० मनाने काढलेले नाहीत, आकडा बरोबर आहे. फक्त तो योग्य ठिकाणी मागायला हवा.

ही झाली बल्कची बाजू. पण "एमओक्यू" हा एकच आकडा नसतो. डबीचा वेगळा असतो, कार्टनचा वेगळा, लेबलचा वेगळा, खास घटकाचा वेगळा. कारखाना त्यातला सगळ्यांत मोठा उचलून तुम्हाला सांगतो. पुष्कळदा अडचण केटलची नसतेच, तुम्ही कुठे तरी बघून पसंत केलेल्या फ्रॉस्टेड, सोनेरी झाकणाच्या डबीची असते. तुमच्या रंगात डबी मोल्ड करून हवी असेल तर मोल्डिंगवाला पाच-दहा हजारांच्या खाली मशिन लावत नाही. छापील लॅमिनेटेड ट्यूबचंही तसंच. म्हणून पहिल्या वर्षी तयार साच्यातली, बाजारात सुटी मिळणारी डबी घ्या. मुंबईत मस्जिद बंदर, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला फिरलात तर पेटीभर घेता येते. त्याच्यावर डिजिटल प्रिंटिंगचं लेबल लावा, ते दोन-तीनशेसुद्धा छापून मिळतं. ऑफसेटवर छापलेला मोनो कार्टन, म्हणजे एका डबीचं पुठ्ठ्याचं खोकं, हजाराच्या खाली महाग पडतो, म्हणून पहिल्या बॅचला कार्टन वगळलं तरी चालतं. डबीला श्रिंक स्लीव्ह घाला म्हणजे उघडलेली नाही हे गिऱ्हाइकाला दिसेल.

डबी तुम्ही आणून द्यायची ठरली तर कारखाना फक्त बल्क आणि भरणावळीचे पैसे घेईल. इथे एक काळजी घ्या: आधी पाच रिकाम्या डब्या आणि झाकणं पाठवा, भरून बघायला सांगा. पंप असेल तर नेक साइज, म्हणजे बाटलीच्या तोंडाचं माप, नीट विचारा, २४ चा पंप आणि २८ ची बाटली अशी जोडी आली की फिलिंगच्या दिवशी आठ बायका लाइनवर हात बांधून उभ्या राहतात. आणि त्या दिवसाचं बिल तुम्हालाच येतं. डब्या नेहमी पाच टक्के जास्त द्या. तडकलेल्या, चरे पडलेल्या निघतातच.

लेबलची आणखी एक गोष्ट, जी कोणी आपणहून सांगत नाही. कायद्याने लेबलवर माल कुठे बनला त्या कारखान्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर आणि बॅच नंबर द्यावा लागतो. हे सगळं डबीवरच स्क्रीन प्रिंट करून पाच हजार डब्या घेतल्यात आणि वर्षाने कारखाना बदलावा लागला, तर उरलेल्या डब्या भंगारात. मग पुढच्या वाटाघाटीत तुमचा हात दगडाखाली असतो. कारखानदाराला ठाऊक असतं की त्याचाच पत्ता छापलेल्या तीन हजार डब्या तुमच्याकडे पडून आहेत, त्यामुळे तो रेट हलवत नाही. म्हणून डबीवर फक्त ब्रँडचं नाव आणि चित्र, बदलू शकणारं सगळं मागच्या चिकट लेबलवर. तेवढ्या कारणाने मी एका कारखान्यातून महिन्याभरात बाहेर पडू शकले.

खास घटकांचं गणित सोपं आहे, पण पैसे तिथेच अडकतात. सुगंधवाला बहुधा किलोच्या खाली नवा सुगंध बनवत नाही. अर्ध्या टक्क्याने घातलात तर एक किलो सुगंध २०० किलो क्रीमला पुरतो आणि तुम्हाला लागणार आहेत ७५ ग्रॅम. कारखाना तो अख्खा किलो तुमच्या बिलात लावेल. लावू द्या, पण तो तुमच्या नावावर ठेवलाय हे लिहून घ्या आणि दर तिमाहीला शिल्लक किती ते विचारा. किंवा त्यांच्याकडे आधीच असलेला सुगंध निवडा, त्यात कमीपणा काही नाही. केशराच्या अर्काचं मात्र मी असं करणार नाही. तुमचं नाव त्याच्यावर आहे, तो तुम्ही स्वतः पारखून, चाचणीच्या कागदासकट आणून द्या.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे हट्टाने आकडा खाली आणल्यावर काय होतं ते कळेल. ब्रँड सुरू केला तेव्हा जुन्या ओळखीच्या एका कारखानदाराकडे गेले. त्याचा आकडा होता १०००, मी ५०० वर अडून बसले. अकरा वर्षं समोरच्या बाजूला काढलेली, मला कोण नाही म्हणणार, असा तोरा. तो हो म्हणाला. मी सुटकेचा श्वास सोडला आणि केटल कोणती लावणार हे विचारलंच नाही. त्याने १०० च्या केटलमध्येच २५ किलो काढलं. होमोजिनायझरचं डोकं अर्धं उघडं. क्रीम फुलून आली, पांढरीशुभ्र, मऊ, बघून मलाच लाडू फुटले. मशिनने मापाने, म्हणजे मिलिलिटरने भरली. दहा दिवसांनी पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंनी फोटो पाठवला: डबीच्या मधोमध खड्डा, कडेने क्रीम उतरलेली, जणू कोणी दोन बोटं फिरवून घेतलीत. घरातल्या पाच डब्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. लेबलवर ५० ग्रॅम, आत कुठे ४४, कुठे ४३. हवा बसली होती. वजनात कमी माल विकणं हा नुसता गिऱ्हाइकाच्या नाराजीचा प्रश्न नाही, वजनमापाचा कायदा आहे. गेलेल्या सगळ्या डब्या परत मागवल्या, पैसे परत केले. कारखानदाराला जाब विचारला तर म्हणाला, "मॅडम, तुम्हीच म्हणालात पाचशे. तुम्हाला तर ठाऊकच आहे आमची केटल." खोटं काय म्हणाला? तेव्हापासून "हो" ऐकलं की मी लगेच "कशात?" विचारते, आणि भरणं वजनावर होणार हे ऑर्डरवर लिहून घेते.

तर मग घासाघिशीला काहीच जागा नाही का? आहे, पण तिथे मागायच्या आधी द्यायला काही लागतं. तुम्हाला देता येण्यासारख्या गोष्टी मोठ्या ब्रँडपेक्षा वेगळ्या आहेत आणि कधी कधी जास्त गोड असतात.

एक म्हणजे वेळ. मोठ्या पार्टीला माल तारखेला लागतो. तुम्ही म्हणू शकता, "महिन्याभरात कधीही काढा, केटल रिकामी असेल त्या दिवशी." प्लॅनिंगवाल्याच्या बोर्डवर दोन मोठ्या बॅचेसच्या मध्ये अर्ध्या दिवसाच्या फटी पडतात. त्या भरून काढणारी पार्टी त्याला आवडते. दिवाळीनंतरचे पंधरा-वीस दिवस तर माझ्या कारखान्यात लाइनवरच्या बायकांना काय काम द्यायचं हा प्रश्न असायचा. तेव्हा केलेला फोन आणि ऑगस्टमध्ये केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दुसरं, पैसे रोख आणि वेळेवर. नेहमीची पद्धत म्हणजे निम्मे आगाऊ, निम्मे माल निघायच्या आधी. लहान बॅचला तुम्ही आपणहून म्हणा की धुण्याचा आणि टेस्टिंगचा खर्च वेगळा लावा, मी तो पूर्ण आगाऊ देते. बॅच चार्ज म्हणून तीन-पाच-सात हजार काय असेल ते एक रकमेने द्यायचं आणि नगाचा रेट हजारवालाच ठेवायला सांगायचं. याचा फायदा पुढच्या ऑर्डरला होतो. रेटच दीडपट ठरला की तो चिकटतो, दुसऱ्या वेळी हजार नग घेतलेत तरी खाली यायला नखरे करतो. बॅच चार्ज मात्र त्या बॅचपुरता असतो, पुढे हजार नग घेतलेत की तो मागायला कारण उरत नाही. माझ्या मते सगळ्या वाटाघाटीत पदरात पाडून घ्यावी अशी हीच एक गोष्ट.

तिसरं, वर्षाचा अंदाज. "या वर्षी तीन वेळा मागवीन, पहिल्यांदा ३००, मग ५००, मग ५००" असं लिहून द्या. पण बंधन म्हणून सही करू नका, अंदाज म्हणूनच द्या. प्लॅनिंगवाल्यालाही कळतं की नव्या ब्रँडचा अंदाज म्हणजे हवामान खात्याचा पाऊस, तरी त्याला मालकासमोर दाखवायला कागद लागतो.

काही जणी सांगतील की बल्क एकदम बनवून घ्या आणि भरणं दोनदा करा, म्हणजे डब्यांत पैसे अडकणार नाहीत. तेलाला हे चालतं, त्यात पाणी नाही. ड्रम नीट बंद असला, उन्हात नसला, तर महिना-दोन महिने काही होत नाही, आणि तुमचं तेल महिन्याला चाळीसच जातं म्हणून तुम्हाला ते उपयोगीच आहे. पण दुसऱ्यांदा भरलेल्या बाटलीवरही बनवण्याची तारीख बल्कचीच येणार हे ध्यानात ठेवा. क्रीमला मात्र हा उद्योग करू नका. पाण्याचा माल ड्रममध्ये पडून राहिला आणि झाकण चार वेळा उघडलं की जंतूंना आवतण दिल्यासारखं आहे.

आणखी एक वाट म्हणजे कारखान्याचा तयार फॉर्म्युला घेणं. त्यांचा बेस, म्हणजे मूळ साधी क्रीम, आधीच दुसऱ्या दोन ब्रँडसाठी बनतो, त्यातले वीस किलो तुम्हाला काढून, थंड करताना तुमचा केशर अर्क घालून देतात. आकडा झटकन खाली येतो, कधी दोनशेवरही. किंमत अशी की फॉर्म्युला त्यांचा राहतो. कारखाना बदललात तर क्रीमही बदलते आणि गिऱ्हाईक चार दिवसांत ओळखतं. तुमची क्रीम लोक तिच्या पोतासाठी घेतात की केशरासाठी, हे तुम्हालाच ठाऊक. पोतासाठी घेत असतील तर तुमच्या फॉर्म्युल्याचे डेव्हलपमेंट चार्जेस द्या आणि फॉर्म्युला तुमचा, टक्केवारीसकट तुम्हाला मिळेल, असं करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर राहिलेल्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. त्यांना नव्या कारखान्यात सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

एक अवघड गोष्ट बोलायला हवी. विकण्यासाठी कॉस्मेटिक बनवायला लायसन्स लागतं, ते घरच्या ओट्यावर मिळत नाही. देशभर यासाठी कॉस्मेटिक्स रूल्स २०२० लागू आहेत आणि महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन लायसन्स देतं. तुम्ही रीतसर करायचं ठरवलंत हे उत्तमच आहे, पण कारखान्याचं लायसन्स आणि तुमचं प्रॉडक्ट त्यांच्या मंजूर यादीत आलंय का, हे दोन्ही कागद आगाऊ रक्कम देण्याआधी बघा. एखादा फार कमी आकड्याला चटकन हो म्हणत असेल तर आधी हेच बघा. केसांच्या तेलाबाबत आणखी एक: लेबलवर "केसगळती थांबते" असं लिहायची इच्छा असेल तर तो कॉस्मेटिकचा दावा राहत नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून आणायचं ठरलं तर कारखान्याकडे आयुर्वेदिक लायसन्स लागेल. कारखान्यांची यादीच बदलते, म्हणून हे पहिल्या फोनच्या आधी ठरवा. खर्चातही बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांच्या तेलावर जीएसटी ५ टक्के आहे, फेस क्रीमवर १८ च.

आता तुमचे अडीच लाख. तिन्ही प्रॉडक्टचे हजार हजार नग घेतलेत तर वर धरलेल्या आकड्यांनी कर धरून पावणेदोन लाखांच्या पुढे माल होईल. डिझाइन, टेस्टिंग, वाहतूक धरली की हातात काही उरणार नाही, आणि त्यातलं तेल संपायला दोन वर्षं. अशा वेळी सगळ्यांत चांगलं विकलं जाणारं प्रॉडक्ट संपतं आणि ते परत मागवायला पैसे नसतात, कारण ते तेलाच्या बाटल्यांत बसलेले असतात. एमओक्यूच्या नावाने रडणाऱ्या बऱ्याच जणींचं खरं दुखणं हे असतं.

मी तुमच्या जागी असते तर फक्त क्रीम कारखान्यात नेली असती. छोट्या केटलचा कारखाना शोधला असता, नाही मिळाला तर त्या चौथ्याकडेच परत गेले असते आणि दीडपट रेटऐवजी बॅच चार्ज लावायला सांगितलं असतं. पाचशेचा माल म्हणजे २५ किलो. त्यातल्या ४०० डब्या ५० ग्रॅमच्या केल्या की २० किलो होतात. उरलेल्या ५ किलोच्या १५ ग्रॅमच्या छोट्या डब्या, तीनशेच्या वर निघतात. प्रदर्शनात नवखी बाई ५० ग्रॅमची डबी हातात घेऊन विचार करत बसते, छोटी पटकन पर्समध्ये टाकते. भरणावळ थोडी वाढेल, लेबल दोन मापांचं करावं लागेल, पण कारखान्याचा आकडा न हलवता तुमच्या पाचशे डब्यांच्या चारशे होतात. छोट्या डबीवर जागा कमी असते, त्यामुळे लेबलवाल्याकडून आधी वाचता येईल असा नमुना छापून घ्या.

तेल सहा महिन्यांनी बघा. गिऱ्हाइकांना खरं कारण सांगितलंत तर ती थांबतात.

उटण्याचं वेगळंच आहे. ती कोरडी पूड, तिला केटल लागत नाही, पावडर मिसळायचा ब्लेंडर लागतो, आणि लहान ब्लेंडर पुष्कळांकडे असतो. शंभर ग्रॅमची ३०० पाकिटं म्हणजे ३० किलो, एवढ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. तयार पाऊच आणि वर लेबल, की झालं. वनस्पतींच्या पुडीत जंतूंचं प्रमाण मुळातच जास्त असतं, तेवढं निर्जंतुक केलेलं मटेरियल आणि चाचणीचा कागद मागा. पण सगळ्यांना उटणं एकाच वेळी, दिवाळीला हवं असतं, म्हणून तिथे आकड्यापेक्षा तारीख मोठी. गणपती बसायच्या आत तुमचं मटेरियल आणि पाऊच कारखान्यात पडलेले असायला हवेत. मी प्लॅनिंगला होते तेव्हा अनंत चतुर्दशीनंतर उटण्याची नवी ऑर्डर बोर्डवर घेतच नसे, मग ती ३०० ची असो की ३०,००० ची.